राऊतकाकांची आगगाडी आणि सरावलीचं पळतं घड्याळ

भांडण एका खोलीवरून चाललं होतं, आणि त्या भांडणापायी मला पालघर, माहीम आणि बोईसर पाहायला मिळालं. मागच्या पोस्टखाली एकीने विचारलं होतं, "आजी, लग्नानंतरची तुमची पहिली ट्रिप कुठली?" तर ही ती. साठच्या दशकातली, तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं त्या दिवसांतली. बाकीच्या मुली लग्नानंतर माथेरानला जायच्या. मी दुसऱ्यांच्या घरातल्या आगगाड्या बघायला गेले.

आधी खोलीचं सांगते. पार्ल्याच्या आमच्या ब्लॉकमध्ये दोन खोल्या आणि मागे एक चिंचोळी खोली होती. तिच्यात धाकटे दीर राहायचे. त्यांना बदलीच्या गावी क्वार्टर मिळालं आणि खोली मोकळी झाली. मी तेव्हा शिवणकाम घ्यायची. मशीन स्वयंपाकघरात, ओट्याला चिकटून. एका गिऱ्हाईक बाईने नवं ब्लाउज नाकाशी नेऊन मला विचारलं होतं, "फोडणी देऊन शिवता का हो?" मी हसले, पण ते मनाला लागलं. ती खोली मला हवी होती. दार लावता येईल आणि कापडाला कापडाचाच वास येईल एवढंच माझं मागणं होतं.

आमच्या वसंतरावांना तीच खोली आगगाडीसाठी हवी होती. मी ह्यांना समोर 'अहो' म्हणते आणि पाठीमागे वसंतराव, तेव्हापासून आजपर्यंत. वसंतराव विम्याच्या कचेरीत कारकून होते आणि ट्रंकेत फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवलेलं एक वीतभर इंजिन आणि चार डबे ही त्यांची दौलत होती. खेळण्यातली गाडी म्हटलेलं चालायचं नाही. 'मॉडेल' म्हणायचं. अशाच छंदिष्टांचं एक मंडळ होतं, दहा-बारा माणसांचं, आणि त्या वर्षी त्यांचं संमेलन पालघरला भरणार होतं. शनिवार-रविवार, आणि दोन दिवसांत तीन सभासदांच्या घरच्या रेल्वे बघायच्या.

"तू चल," वसंतराव म्हणाले. "तिन्ही घरं बघ. परत आल्यावर खोलीचं तू ठरवशील ते. मी एक शब्द बोलणार नाही."

मी लगेच कबूल झाले, कारण काय ठरवायचं ते माझं आधीच ठरलेलं होतं. माझा बेत वेगळाच होता. पुरुष गाड्या बघतील, मी त्या घरांतल्या बायका बघेन. आगगाडीबरोबर संसार कसा होतो ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं आणि घरी येऊन पुराव्यानिशी नाही म्हणायचं.

जानेवारीतली सकाळ होती. आता चर्चगेटहून बसलात की थेट डहाणूपर्यंत लोकल आहे, तेव्हा विरारला विजेची गाडी संपायची आणि पुढे कोळशाचं इंजिन लागायचं. वसंतरावांनी हट्टाने इंजिनालगतचा डबा धरला. वैतरणेच्या पुलावर ते खिडकीबाहेर अर्धे लोंबत होते आणि माझ्या फिकट पिवळ्या साडीवर काजळी जमत होती. सफाळे, केळवे रोड, आणि मग पालघर. तुम्ही गेलात तर थंडीतच जा आणि डाव्या हाताची खिडकी पकडा, पूल येईल तेव्हा खाडी लांबपर्यंत दिसते. फिकट पिवळं काही नेसू नका असं सांगणार होते, पण आता काजळीची भीती उरलेली नाही.

पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. स्टेशनाबाहेर टांगे, गवताच्या गंजी, चहा-भज्यांची दोन दुकानं. पहिलं घर डॉक्टर कर्णिकांचं, म्हणजे घर मागे आणि पुढे दवाखाना. डॉक्टर हेच मंडळाचे चालक. त्यांच्या बसायच्या खोलीत डोक्याच्या उंचीवर भिंतीभोवती फळी ठोकलेली आणि फळीवरून गाडी फिरायची. औषधाच्या खिडकीवरून ती कंपाउंडरच्या खोलीत शिरायची, बाटल्यांमागून वळसा घालायची आणि दुसऱ्या भोकातून परत बाहेर. खाली बाकांवर पेशंट माना वर करून बसलेले. संमेलन म्हणजे ह्याच दवाखान्याच्या ओटीवर सतरंजी टाकून केलेली भाषणं. रुळांचे सांधे कसे बदलायचे यावर एक गृहस्थ फार वेळ बोलले. डब्यांचा रंग विटकरी की चॉकलेटी यावर दोघांची अशी जुंपली की तिसऱ्याने चहा मागवला.

मी मागे स्वयंपाकघरात गेले. डॉक्टरांच्या पत्नी मालूताई पोह्यांवर खोबरं घालत होत्या. थेट विचारलं, "त्रास होतो का हो?"

"त्रास?" त्या म्हणाल्या. "परवा एकाला सणसणून ताप. डॉक्टरांनी नाव पुकारलं तर म्हणतो, थांबा, मालगाडी येऊन जाऊ दे. बरे झालेले लोकही येऊन बसतात. बाहेर जागा नाही म्हणून खरे आजारी माझ्या पडवीत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला विचारलं ना, तर नाही म्हण. एकदा रूळ आला की रूळ वाढत जातो, घर काही वाढत नाही."

मला एवढंच हवं होतं. पोहे घेऊन मी बाहेर आले ती जिंकल्यासारखी. गाडीकडे एकदा तरी बघावं म्हणून स्टुलावर चढले आणि तिथे थबकले. डॉक्टरांनी हुबेहूब पालघर स्टेशन केलं होतं. फलाट, पाण्याची टाकी, पुढे गवताच्या गंजी, देवनागरीत रेखलेली पाटी. आणि फलाटावर उभ्या होत्या सगळ्या फ्रॉकमधल्या गोऱ्या बायका. डोक्यावर हॅट, हातात पर्स, एकीच्या पायाशी झुपकेदार कुत्रं.

"डॉक्टर, ह्या बायका कोण?"

"बाहेरून मागवलेल्या आहेत. आपल्याकडे अशा छोट्या बाहुल्या मिळत नाहीत."

"पण पाटी पालघरची आहे. पालघरच्या बायका काय गाडीने जातच नाहीत?"

वसंतरावांनी माझ्याकडे घाबरून पाहिलं. डॉक्टर मात्र हसले. त्यांनी हॅटवाली एक बाई नखाने फळीवरून सुटी केली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बोटाच्या पेराएवढी होती. "घ्या," ते म्हणाले. "काय करता येतं बघा. उद्या तिसऱ्या घरी, सरावलीला, मला परत द्या."

दुपारी एस.टी.ने माहीमला गेलो. मुंबईतलं माहीम नव्हे हं, हे केळव्याजवळचं. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, आणि गाव जवळ आलं की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आधी येतो आणि मग वाड्यांची गार सावली. तिकीट तेव्हा पैशांत मोजायचं होतं. आजही रिक्षापेक्षा एस.टी.च बरी, वाटेत गावं दिसतात.

राऊतकाकांची पानाची वाडी होती, विड्याच्या पानांची. त्यांची पानं रेल्वेने लांबलांबच्या गावी जायची, म्हणून त्यांना रेल्वेचं वेड. वाडीत वीज नव्हती, त्यामुळे गाडी चावीची. रूळ थेट वाडीत टाकलेले. पानवेलींच्या मांडवातून निघायचे, पाण्याचा पाट सुपारीच्या चिरलेल्या खोडावरून ओलांडायचे, विहिरीला वळसा घालून केळीत शिरायचे. डब्यांत खरी पानं, बारीक कापून रचलेली. चावी भरून इंजिन सोडलं की खडखडत जायचं आणि केळीमागे कुठेतरी आवाज बंद व्हायचा. मग सगळे कान देऊन उभे. काकांच्या वाडीचा नियम असा की ज्याने चावी दिली त्यानेच जाऊन अडलेली गाडी आणायची.

वसंतरावांनी चावी दिली. गाडी केळीत अडली. हे पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून गेले, गाडी हातात घेऊन आले.

"चावी कमी दिलीत तुमी," काका शांतपणे म्हणाले. "परत."

दुसऱ्यांदा गाडी विहिरीमागे अडली. तिसऱ्यांदा ती सगळी फेरी मारून मांडवात परत आली आणि वसंतराव केळीतून तिच्यामागे धावत आले. कोपरापर्यंत चिखल, केसांत केळीचं सुकं पान, आणि तोंडभर हसू. लग्नाला दोन वर्षं झाली होती. हा माणूस असा हसतो हे मला माहीत नव्हतं. कचेरीतून येणारा माणूस मला माहीत होता, तो बूट काढायचा आणि हळू आवाजात चहा मागायचा. मला एकदम वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्याचा रागही आला, कारण माझं नाही पक्कं होतं.

राऊतकाकू पडवीत सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्रास होतो का म्हणून त्यांनाही विचारलं.

"कसला तरास?" काकू म्हणाल्या. "रूळ टाकायच्या आधी मला विचारलं, कुठून नेऊ. मी सांगितलं, कुठूनबी न्या, माझ्या हळदीच्या वाफ्यातून नाय न्यायचा. नाय नेला. बघ, वळण कसं घेतलंय."

खरंच, रूळ हळदीच्या वाफ्यापाशी येऊन असा वळला होता, जणू वाफ्याला नमस्कार करून बाजूने गेला. मालूताईंच्या सांगण्याने आणखी पक्का झालेला माझा निकाल इथे जरा हलला, पण मी ते स्वतःशीही मान्य केलं नाही.

मी पर्समधून हॅटवाली बाई काढली. माझ्या पर्समध्ये सुईदोरा आणि कापडाचे तुकडे नेहमीच असायचे, अजूनही असतात. हिरव्या मलमलीची पट्टी कापली आणि तिला नेसवायला घेतली. काकू सुपाऱ्या सोडून बघू लागल्या.

"ही कोण गो?"

"पालघरची बाई आहे. स्टेशनवर उभी असते."

"टोपी घालून?" काकूंनी तिला चिमटीत धरून उजेडात पाहिलं. "आधी ही टोपी काढायला होवी." त्या उठल्या, देवघरातली सहाण घेऊन आल्या, आणि गंध उगाळावं तसं बाईचं डोकं उगाळायला लागल्या. हॅट झिजून गेली, केसांएवढा भाग तेवढा राहिला. मी नेसवलेली साडी मात्र त्यांना पसंत पडेना. "असं आमी नाय नेसत. पदर आखूड हाय. नि काष्टा कुठंय?"

"काकू, एवढ्याशा बाईला काष्टा कसा घालू?"

"मग एवढीशी बाई गाडीत चढेल कशी?"

मी पट्टी सोडली, पुन्हा कापली. काकू सांगत होत्या आणि मी सुईच्या टोकाने निऱ्या दाबत होते, डिंकाचं बोट लावत होते. पर्स बाईच्या हातातून सुटेना, तेव्हा काकूंनी नारळाच्या काथ्याचे दोन धागे तिच्याभोवती वळले आणि पर्सची टोपली झाली. काम झालं तेव्हा उन्हं उतरली होती आणि पुरुषांचा चहा निवून गेला होता. बाई आमच्या दोघींच्या मधे पडवीच्या कठड्यावर उभी होती, माहीमहून बाजाराला निघाल्यासारखी. मी आजवर शेकडो ब्लाउजं शिवली असतील. एवढा आनंद मला एकानेही दिला नव्हता.

रात्री काकूंनी उकडहंडी केली होती. थंडीतल्या साऱ्या भाज्या आणि कंद मडक्यात भरायचे आणि मडकं उपडं करून जाळावर भाजायचं. हे खायचं असेल तर थंडीतच राऊतकाकांसारख्या वाडवळी घरात ओळख काढा. हॉटेलात ती चव मिळत नाही, मी नंतर प्रयत्न करून पाहिला आहे.

रविवारी सकाळी एस.टी.ने पालघर, तिथून गाडीने बोईसर. मधे उमरोळी एवढंच स्टेशन. बोईसर तेव्हा लहानसं होतं, पण फलाटावर कानावर पडायची ती हिंदी, आणि आवारात सिमेंटची पोती, लोखंडाची धुडं, तारापूरकडे जाणारे ट्रक. आम्ही चालत सरावलीला गेलो. बांधकामावरचे एक इंजिनियर, सबनीस, तिथे भाड्याच्या घरात राहायचे. त्यांची बायको शालिनी माझ्याच वयाची होती.

सबनीसांच्या खोलीत गेलो तर आगगाडी कुठेच दिसेना. एक खाट, एक टेबल, बस.

"वर बघा," सबनीस म्हणाले.

छताला एक मोठी फळी टांगलेली होती. चार कोपऱ्यांना दोऱ्या, कप्प्यांवरून जाऊन त्या भिंतीपाशी एकत्र येत, आणि पलीकडे वाळूच्या पिशव्या म्हणजे भार फार पडू नये. खाट बाहेर काढली. सबनीसांनी हाक मारली, शालिनी पीठ मळलेले हात धुऊन आली आणि तिने दोरी सोडायला सुरुवात केली. सबनीस खाली वाकून बघत होते. "हळू. थोडं डावीकडे. थांब. आता सोड." आणि डोंगर, बोगदा, दोन स्टेशनं असलेली अख्खी रेल्वे छतावरून उतरून आमच्या कमरेपाशी येऊन थांबली.

"दर वेळी तूच ओढतेस?" मी शालिनीला विचारलं.

"दर रविवारी. त्यांना उतरताना रूळ बघायचे असतात ना. कणीक मळत असले तरी हाक येतेच." ती हसत म्हणाली, पण मी मनात लिहून ठेवलं. काहीही झालं तरी ती दोरी मी ओढणार नाही.

सबनीसांकडे आणखी एक प्रथा होती. गाड्या वेळापत्रकाप्रमाणे चालवायच्या, तर छोट्या रेल्वेचा अख्खा दिवस सकाळभरात बसला पाहिजे. म्हणून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक आखूड करून ते भरधाव पळायला लावलं होतं. आपला एक तास होईतो त्याचे तीन-चार तास व्हायचे. आणि कोणाला दोन वेळांचा घोळ नको म्हणून आत येताना प्रत्येकाने मनगटावरचं घड्याळ काढून पूजेच्या ताम्हनात ठेवायचं. सगळ्यांनी ठेवली. प्रत्येकाला काम मिळालं, वसंतराव लहान स्टेशनचे मास्तर झाले.

मी माझी बाई त्यांच्या फलाटावर ठेवली. पॅसेंजर बोगद्यातून आली आणि बरोबर तिच्यासमोर थांबली. हिरवं लुगडं, काष्टा, हातात टोपली, समोर उघड्या दाराचा डबा. डॉक्टर कर्णिक गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. "आता माझ्या फलाटावरच्या त्या बायका मला बघवणार नाहीत," ते म्हणाले. मला ते फार आवडलं, इतकं की मी लगेच स्वयंपाकघरात पळाले.

पुढचं ऐका. शालिनी पंगतीसाठी शेजारून पाट आणायला गेली. तेवढ्यात वीज गेली. गाड्या जागच्या जागी थांबल्या. सबनीस फ्यूज बघायला घराच्या मागे गेले. वसंतरावांनी मान वर करून घड्याळ पाहिलं. साडेपाच.

"अरे, आपली गाडी," ते ओरडले.

मुंबईची पॅसेंजर संध्याकाळी होती, आणि ती चुकली की सोमवारी सगळ्यांच्या कचेऱ्या बुडणार. एकदम धावपळ झाली. पिशव्या, चपला, टोप्या. मी दारात उभी. म्हटलं, "अहो, ऊन डोक्यावर आहे."

"थंडीतलं ऊन असंच असतं."

"अहो, आपण अजून जेवलो नाही."

"बघा," वसंतराव डॉक्टरांना म्हणाले, "नादात जेवणसुद्धा राहून गेलं."

एकानेही मागे वळून पाहिलं नाही. मी एकटी किती ओरडणार? बाई फलाटावरून उचलली, पर्समध्ये टाकली आणि निघाले. रस्त्यावर बांधकामावरून रिकामा परतणारा ट्रक मिळाला. मी पुढे केबिनमध्ये, बाकीचे मागे सिमेंटच्या धुळीत. ड्रायव्हरने विचारलं, "इतनी जल्दी किसलिए? गाडी तो शाम को है."

मागच्या जाळीतून वसंतराव म्हणाले, "शाम ही तो है."

ड्रायव्हरने एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ट्रक सुरू केला.

बोईसरचा फलाट ओसाड. हमाल हातगाडीवर तोंडावर गमछा घेऊन झोपला होता. डॉक्टरांनी त्याला हलवलं. "मुंबईची गाडी गेली का हो?"

त्याने गमछा बाजूला केला. "कवाची गाडी? आता तर जेवायचा टाइम हाय. संध्याकाळला या."

तेव्हा कुठे दहा-बारा जणांनी एकदमच आपापली मनगटं वर केली, आणि सगळी मनगटं उघडी. घड्याळं सबनीसांच्या ताम्हनात. मी हमालाच्या हातगाडीच्या टोकावर बसले आणि पोट धरून हसले. हमालही हसायला लागला, कशाला ते त्याला कळलं नव्हतं तरी.

थोड्या वेळात एक मालगाडी यार्डात आली, वर ताडपत्रीत गुंडाळलेलं कसलंसं प्रचंड यंत्र, तारापूरचं. इंजिन मागेपुढे होऊन डबे सोडू लागलं आणि आमची मंडळी भूक विसरून कुंपणाला चिकटली. वसंतराव गेले नाहीत. ते माझ्या शेजारी येऊन बसले. कपाळावर सिमेंटची धूळ, तोंड एवढंसं. सगळ्यांना उपाशी पळवत आणलं होतं त्यांनी, आणि आता घरी जाऊन मी काय म्हणणार हेही त्यांना दिसत असावं. काल केळीतून धावत आलेला माणूस कुठल्या कुठे गेला होता. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि मिटलं. शब्द दिला होता ना, एक शब्द बोलणार नाही म्हणून.

मला ते सहन झालं नाही. मी विचारलं, "अहो, मागच्या खोलीच्या छताची उंची किती आहे?"

"दहा फूट चार इंच," ते ताबडतोब म्हणाले, आणि मग कानापर्यंत लाल झाले. मोजून ठेवली होती.

"फरशी माझी," मी म्हटलं. "मशीन, कपाट, कापायचं टेबल, सगळं माझं. छत तुमचं. रविवारी दुपारी गाडी खाली उतरेल आणि दिवेलागणीला वर जाईल. तुमच्या स्टेशनावर एकही बाई फ्रॉकमध्ये दिसता कामा नये. आणि दोरी मी ओढणार नाही. कधीच."

त्यांनी नुसती मान हलवली, खूप वेळ हलवली. मग उठून कुंपणापाशी गेले आणि डॉक्टरांच्या शेजारी उभे राहून मालगाडी बघू लागले. पाठमोरे होते तरी मला कळत होतं की ते हसताहेत.

तासाभराने टांगा आला. त्यात सबनीस मांडीवर ताम्हन घेऊन, आणि शालिनी दोन मोठे डबे घेऊन. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. बोईसरच्या फलाटावर पंगत बसली, हमालासकट. जेवून झाल्यावर प्रत्येकाने ताम्हनातलं आपापलं घड्याळ ओळखून घेतलं. पॅसेंजर आली तेव्हा खरीच संध्याकाळ झाली होती.

घरी आल्यावर सुतार बोलावला. कप्प्या विहिरीच्या सामानाच्या दुकानात मिळाल्या. हिरव्या लुगड्यातली बाई मी डॉक्टरांना फलाटावर जेवतानाच परत केली होती. पंधरा दिवसांनी त्यांचं पार्सल आलं, त्यात पालघर स्टेशनावरच्या सगळ्या बायका, कुत्र्यासकट, आमच्याकडेच ठेवायला. हॅटी मी सहाणेवर उगाळल्या. कोणाला नऊवारी, कोणाला पाचवारी, कुत्रं तसंच ठेवलं. तुकडे गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांतलेच, मग बायका आपलं कापड कोणत्या फलाटावर उभं आहे ते बघायला रविवारी येऊ लागल्या आणि जाताना काम देऊन जाऊ लागल्या. फोडणीचा विषय पुन्हा निघाला नाही.

ह्या ट्रिपला तुम्ही जाऊ शकाल का? वाट सोपी आहे, घरं मात्र उरली नाहीत. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. सरावली ओळखू येणार नाही इतकी वाढली. माहीमची वाडी आहे असं ऐकते. हळदीच्या वाफ्यापाशी ते वळण असलं तर मला फोटो काढून पाठवा.

आमच्या मागच्या खोलीचं सांगायचं राहिलं. ब्लॉक तोच आहे, छतही तेच. इतकी वर्षं दर रविवारी दुपारी वसंतराव स्वतः दोरी सोडायचे आणि स्वतःच ओढायचे. मी ठरल्याप्रमाणे कधी हात लावला नाही, त्यांनीही कधी सुचवलं नाही. गेल्या वर्षी त्यांचा खांदा गेला. हाडांच्या डॉक्टरांनी हात वर न्यायला मनाई केली. पुढचे कितीतरी रविवार दुपारी ते मागच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसायचे, एकदा छताकडे बघायचे आणि पेपर उघडायचे. एक शब्द बोलले नाहीत.

एका रविवारी मी परकराची पट्टी घालत होते. ती पुरी केली, सुई टोचून ठेवली, उठले आणि खुंटीवरची दोरी सोडवली. कप्प्या करकरल्या. पेपर खाली आला. ते खुर्ची पुढे ओढून वाकले.

"हळू," ते म्हणाले. "थोडं डावीकडे."

मी थोडं डावीकडे घेतलं.